तीन वर्षांसाठी आलेल्या घराने सोलापुरात कसे राहावे

तुमच्या पत्राचा आशय थोडक्यात असा आहे. यजमानांची बँकेत बदली झाल्यामुळे जूनमध्ये तुम्ही चिपळूणहून सोलापूरला आलात आणि जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतले. सोबत सासूबाई आणि तिसरीत शिकणारा मुलगा आहे. चिपळूणच्या शाळेतील गणित शिक्षिकेची नोकरी तुम्हाला सोडावी लागली. दिवाळीची सुट्टी चिपळूणला घालवून परतल्यापासून तुमचे कशातच मन लागत नाही. मुलगा शाळेत कोणात मिसळत नाही, सासूबाई दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. यजमानांना येथे ठेवून आपण तिघांनी परत जावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी उत्तर देते आणि कारणांकडे नंतर वळते. हे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत परत जाण्याचा निर्णय घेऊ नका. तुमचे दुःख किरकोळ आहे असे मला म्हणायचे नाही, आणि नवऱ्याच्या बदलीमागून बायकोने निमूटपणे फिरावे असे तर मुळीच नाही. पण अशा निर्णयासाठी दिवाळीनंतरचे हे दिवस फार वाईट असतात. जूनमध्ये घर बदलणाऱ्या कुटुंबांचे पहिले दोन-तीन महिने गॅस, गणवेश, आधारवरचा पत्ता, दूधवाला यांच्या धावपळीत जातात आणि मनाकडे पाहायला कोणाला फुरसत नसते. मग सणाला माणूस आपल्या जुन्या अंगणात जातो, पंधरा दिवस सगळ्यांच्या ओळखीचा होऊन राहतो, आणि परत येतो तेव्हा नव्या घराचे नावीन्य संपलेले असते, पण नव्या ओळखी मात्र झालेल्या नसतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बदलीच्या कुटुंबांपैकी बरीच याच सुमारास येतात.

स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशातील शिष्यवृत्तीधारकांच्या अनुभवावरून, असे मांडले होते की सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले लोक बरे जुळवून घेतात, दीड वर्षाहून अधिक राहिलेलेही घेतात, आणि मधल्या टप्प्यातल्यांना ते सर्वांत अवघड जाते. पुढील संशोधनाने हे चित्र सर्वांना लागू पडत नाही, कित्येकांना अगदी पहिले आठवडेच कठीण जातात, असे दाखवून दिले. त्यामुळे महिने मोजत बसण्यात अर्थ नाही. तरीही त्यातून एवढे नक्की घेता येते की पाचव्या महिन्यात वाटणारी उदासी हा त्या गावाविषयीचा अंतिम निकाल नसतो.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: "तीन वर्षांचाच प्रश्न आहे, म्हणून आम्ही निम्मे सामान उघडलेलेच नाही." माझ्या मते तुमच्या घराच्या अस्वस्थतेचे मूळ उन्हात किंवा भाकरीत नसून या वाक्यात आहे. धर्मशाळेत उतरावे तसे तुम्ही राहत आहात. भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण घर भाड्याचे. वाचनालयाचे सभासद व्हायचे नाही, कारण पुन्हा बदली होणार. शेजारणीशी फार जवळीक करायची नाही, कारण मग सोडताना त्रास होणार. यातील प्रत्येक कारण स्वतंत्रपणे समंजस वाटते, आणि ती सगळी एकत्र आली की घरातील चार माणसे तीन वर्षे कोठेच राहत नाहीत. मुलाच्या आयुष्यात तर तिसरी ते पाचवी एवढा मोठा काळ त्यात निघून जातो. म्हणून पहिले काम म्हणजे उरलेली खोकी उघडणे. सासूबाईंचे देव, तुमची पुस्तके, मुलाची सायकल आणि कोकणातून आणलेली विळी या वस्तू वापरात येऊ द्या.

सोलापूर हे गाव बाहेरून आलेल्यांनीच वाढवलेले आहे, हे तुम्हाला येथे राहताना उपयोगी पडेल. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी निघाली, आणि त्यानंतरच्या काळात कामाच्या ओढीने आसपासच्या खेड्यांतून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून माणसे येत राहिली. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीतही तेलुगू बोलली जाते, बाळीवेशीकडे कन्नड कानावर पडते, बाजारात दख्खनी ढंगाची हिंदी चालते, आणि एकच दुकानदार पाच मिनिटांत तीन भाषांत हिशेब करतो. "मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न येथे हेटाळणीने विचारला जात नाही, कारण विचारणाऱ्याचेही मूळ गाव बहुधा दुसरेच असते. मात्र या लोकांमध्ये आणि तुमच्यामध्ये एक फरक आहे. विणकर आले ते भाऊबंद, जातपंचायत, देव आणि सण सोबत घेऊन आले. बदलीवर आलेले कुटुंब एकटे येते आणि बँकेतील नोकरी हाच त्याचा गावाशी एकमेव धागा असतो, तोही फक्त यजमानांच्या हातात. त्यांना आठ तास माणसे मिळतात, तुम्हाला मिळत नाहीत. म्हणूनच "मला तर काही त्रास होत नाही, तुलाच का होतो?" हा त्यांचा प्रश्न, पत्रावरून तरी, दुष्टपणाचा वाटत नाही, पण तो अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे, आणि हा परिच्छेद तुम्ही त्यांना वाचून दाखवावा.

हवेविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण कोकणातून आलेल्या माणसाचे शरीर येथे खरोखरच गोंधळते. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरची सरासरी पाचशे ते सहाशेच्या आसपास आहे, आणि त्यातही भर सप्टेंबरवर असतो. जून-जुलैत तुम्ही खिडकीत उभ्या राहून ज्या पावसाची वाट पाहिली, तो त्या महिन्यांत येथे फारसा येतच नाही. दमट हवेत घाम अंगावर राहतो आणि माणूस आपोआप पाणी पितो. कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो आणि अंगातील पाणी कमी होत आहे हे लक्षातच येत नाही. दुपारी येणारी डोकेदुखी, चिडचिड आणि थकवा यांतील काही भाग मनाचा असेल, पण काही भाग निव्वळ पाण्याचा असतो. सासूबाईंच्या बाबतीत हे अधिक जपायला हवे, कारण वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळा येण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घेणे आवश्यक आहे. घराजवळचा एक कायमचा डॉक्टर अजून ठरवला नसेल तर याच आठवड्यात ठरवा. दुखणे आल्यावर अनोळखी दवाखाना शोधणे ही परक्या गावातील सर्वांत एकटी वेळ असते.

नळाच्या पाण्याचे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. तक्रार रास्त आहे. येथे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि उजनी धरणात पाणी असले तरी शहरातील नळाला ते रोज मिळत नाही याचा राग सोलापूरकरांनाही येतो. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे की नवीन कुटुंबाची पहिली खरी ओळख पुष्कळदा पाण्यामुळेच होते. "आज पाणी सुटणार आहे, टाकी रिकामी ठेवू नका," असे सांगायला जी शेजारीण येते, तिला दार उघडून आत बोलवा. ती तुम्हाला पाण्याच्या वेळेसोबत चांगला पीठगिरणीवाला, कामाला येणारी बाई आणि शाळेच्या रिक्षावाल्या मामांचा नंबरही देते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर पाण्याची वेळ कळते, पण ओळख होत नाही.

आता मैत्रिणींविषयी. "येथे कोणी जिवाभावाचे भेटत नाही," असे तुम्ही लिहिता. प्रश्न बहुधा माणसांचा नसून तासांचा आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकत्याच नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांना त्यांच्या नव्या ओळखींविषयी विचारले होते. त्यातून निघालेला अंदाज असा, की केवळ ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे पन्नास तासांचा सहवास लागतो, चांगल्या मैत्रीला सुमारे नव्वद, आणि जिवलग म्हणावे अशा मैत्रीला दोनशेहून अधिक. हे आकडे परक्या समाजातील आहेत आणि ते शब्दशः घेऊ नयेत, पण गणित तुमचाच विषय आहे, तेव्हा हिशेब करून पाहा. महिन्यातून एकदा कोणाकडे तासभर चहाला गेलात तर पन्नास तासांना चार वर्षे लागतील आणि तोवर पुढची बदली होईल. त्याच बायकांसोबत रोज सकाळी अर्धा तास चालायला गेलात तर साडेतीन महिन्यांत तेवढा सहवास होतो.

म्हणून अनेक ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी वारंवार जा. ते ठिकाण असे निवडा की जेथे माणसे तीच असतील, वेळ ठरलेली असेल, आणि एक दिवस तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी विचारेल. योगवर्ग चालेल, भजनी मंडळ चालेल, गाण्याचा वर्ग चालेल. भिशीही चालेल, मात्र रक्कम लहान ठेवा आणि चार-सहा महिने ज्यांना पाहिले आहे अशाच बायकांच्या भिशीत शिरा. वाचनाची आवड असल्याचे तुम्ही लिहिले आहे; हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासदत्व घ्या आणि पुस्तक बदलण्याचा वार ठरवून टाका. कोकणातून आलेली कुटुंबे शोधण्याची तुमची कल्पना चांगली आहे, परंतु जेथे प्रत्येक भेट सोलापूरला नावे ठेवण्यात संपते असा गट टाळा. तेथून घरी आल्यावर मन हलके होत नाही, अधिक जड होते.

चिपळूणच्या बहिणीशी आणि मैत्रिणींशी रोज संध्याकाळी दीड-दोन तास व्हिडिओवर बोलता, असेही तुम्ही सांगितले आहे. हे बोलणे बंद करू नका, त्याची वेळ बदला. साडेपाच ते साडेसात हीच ती वेळ असते जेव्हा इमारतीखाली मुले खेळतात, बायका भाजी घ्यायला उतरतात आणि कट्ट्यावर म्हाताऱ्या बसतात. त्या दोन तासांत तुम्ही रोज मनाने चिपळूणला असता. फोन दुपारी किंवा रात्री जेवणानंतर घ्या.

मुलाविषयी लिहिताना मला थोडे सावध राहावे लागते, कारण पत्रातील "बोलत नाही" या शब्दांवरून दोन वेगळ्या गोष्टी संभवतात. बाईंनी विचारल्यावर तो उत्तर देतो, परंतु डब्याच्या सुट्टीत एकटा बसतो, असे असेल तर हा मैत्रीचा प्रश्न आहे आणि तो घरून सुटू शकतो. वर्गातील एकाच मुलाला शनिवारी घरी खेळायला बोलवा. वाढदिवसाला तीस मुले बोलावण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. त्याच्या कोकणी हेलाला मुले हसत असतील तर बाईंना सांगा, पण त्याला बोलणे सुधारण्यास सांगू नका. दोन-चार महिन्यांत तो सोलापुरी लकबी उचलेल आणि घरी येऊन "का बे" म्हणेल. आजीला ते आवडणार नाही, तरी तेवढे सोसा. मात्र घरी भरभरून बोलणारा मुलगा शाळेत बाईंशीही अवाक्षर काढत नसेल, तर शाळेच्या पहिल्या महिन्याची भीड सोडून त्यापुढेही महिनाभर असे चालू राहणे ही तपासून घेण्याची गोष्ट मानली जाते, आणि तुमच्याकडे आता पाच महिने होत आले आहेत. अशा वेळी "रुळेल हळूहळू" म्हणत न थांबता बालमानसतज्ज्ञाकडे जा. रागावून, लाजवून किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून त्याला सर्वांसमोर बोलायला लावणे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

सासूबाईंचे नुकसान घरात सर्वांत मोठे आहे, असे मला वाटते, आणि त्याबद्दल पत्रात सर्वांत कमी लिहिले आहे. चिपळूणला त्यांना परसदार होते, नारळ-सुपारी होती, दारावर येणारी मासेवाली होती जिच्याशी घासाघीस करायची होती. म्हणजे दिवसभर त्यांचा निर्णय लागत होता. येथे तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे कोणी काही विचारत नाही. त्यांना विश्रांती देण्याऐवजी काम द्या: भाजी त्यांनी निवडून आणावी, कामवाल्या बाईंचा हिशेब त्यांनी ठेवावा, गॅलरीतील कुंड्या त्यांच्याकडे असाव्यात. मासे हवेच असतील तर समुद्राचे मासे बर्फात येतात आणि महाग पडतात. धरणातले कटला, रोहू, मरळ चांगले मिळतात, पण पहिल्यांदा त्यांना सोबत घेऊन जा, कारण कोकणातल्या बाईने नापसंत केलेला मासा घरात शिजणे अवघड असते. कोकम गावाहून मागवत राहा, आणि आठवड्यातून एक-दोनदा येथील शेजारणीकडून कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगाचटणीही येऊ द्या. त्या बदल्यात तुमच्याकडून सोलकढी गेली पाहिजे. वाटीची अशी देवघेव सुरू झाली की घरे एकमेकांकडे येऊ-जाऊ लागतात.

त्यांच्या बाबतीत दोन तपासण्या सुचवते. पहिली कानाची. घरात माणसांच्या सवयीच्या बोलण्यावर कमी ऐकू येणे निभावून जाते. नव्या गावात, नव्या हेलात, ते उघडे पडते आणि म्हातारे माणूस बोलणेच टाळू लागते. दुसरी मनाची. वयस्कांमधील नैराश्य "मला वाईट वाटते" या शब्दांत क्वचितच बाहेर येते. झोप मोडणे, जेवण तुटणे, सतत अंग दुखणे अशा रूपांत ते दिसते.

सासूबाई वारकरी घराण्यातल्या आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. पंढरपूर येथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे, तुळजापूर पंचेचाळीस, अक्कलकोट चाळीसच्या आत. चिपळूणहून वर्षातून एकदा घडणारी वारी येथून कोणत्याही रविवारी होऊ शकते. या गावाने त्यांना दिलेली ही एक गोष्ट खरोखर अधिक आहे, आणि ती अजून कोणी त्यांच्या लक्षात आणून दिलेली दिसत नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक उंच नंदीध्वज पेलत मिरवणुकीने येतात, अक्षता सोहळा होतो, आणि होम मैदानावर पाळणे व दुकाने लागतात. त्या दिवसांत गावाला जाऊ नका. शेजारच्या कुटुंबासोबत एकदा मिरवणूक पाहायला आणि एकदा मुलाला घेऊन मैदानावर जा. त्याआधी डिसेंबरात कोणी हुरड्याला बोलावले तर संकोच न करता जा. सण कळला की गाव अर्धे कळते, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. पण जे बघायला सगळे गाव लोटते ते आपणही पाहिलेले असले की पुढचे दोन महिने बोलायला विषय मिळतो. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला, जेव्हा तिकडे समुद्राला नारळ वाहतात, तेव्हा येथे पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो. तो सासूबाईंना अवश्य दाखवा.

तुमच्या स्वतःच्या कामाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला वेळापत्रक आहे. खाजगी शाळांतील जागा प्रामुख्याने जूनपूर्वी भरल्या जातात, त्यामुळे अर्ज आणि प्रत्यक्ष भेटी मार्च-एप्रिलमध्ये व्हायला हव्यात. तोपर्यंत इमारतीतील आठवी-नववीच्या दोन-तीन मुलांना गणित शिकवायला सुरुवात करा. त्यातून पैसे थोडे मिळतील. पण आज इमारतीत तुम्ही "बँकेतल्या साहेबांच्या मिसेस" आहात, त्या "गणिताच्या मॅडम" व्हाल, आणि तुमच्यासारख्या स्त्रीला याची किती गरज आहे हे मी वेगळे सांगायला नको.

एक सीमा मात्र लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिवसभर मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे, यांतील काही तुम्हाला किंवा घरातील कोणाला होत असेल तर वरील सर्व उपाय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तशी सोय आहे, आणि शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत विनामूल्य बोलता येते.

आता मूळ प्रश्नाकडे. मध्येच मुलाची शाळा बदलणे म्हणजे त्याला एका वर्षात दोनदा नवा मुलगा बनवणे आहे, म्हणून एप्रिलपर्यंत थांबा. एप्रिलमध्ये चौघांनी बसून पाहा: मुलाला नावाने हाक मारणारा एक तरी मित्र आहे का, सासूबाई स्वतःहून खाली उतरतात का, तुम्हाला आठवड्यातून एक काम असे आहे का जे तुमच्यावाचून अडते. यांपैकी काहीच घडले नसेल, आणि प्रयत्न प्रामाणिकपणे झाले असतील, तर वेगळे राहण्याचा विचार करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. कित्येक नोकरदार कुटुंबे तसे राहतात आणि नीट राहतात. फक्त त्याचा खर्च दोन घरांच्या भाड्यापुरता नसतो, मुलाला वडील महिन्यातून दोनदा भेटणे हाही तो असतो, आणि तो आधीच मोजून घ्यावा. राहायचे ठरले तर मेमध्ये, ऐन उन्हात, तिघांनी महिनाभर आंबे खायला चिपळूणला जावे, परंतु परतीची तारीख निघण्यापूर्वीच ठरवून मुलाला सांगावी. तोपर्यंत यजमानांकडून एवढे मागून घ्या, की आठवड्यातील एक कामाचा दिवस ठरवून ते सातच्या आत घरी येतील आणि त्या संध्याकाळी घर सांभाळतील, म्हणजे तुम्हाला एकटीने बाहेर पडता येईल.